अ‍ॅशबर्नचं पुस्तक

“माझं कुटं हाय?” दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं.

मला वाटलं, ते चष्मा शोधताहेत. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता, तसं मी सांगितलंही. त्यांनी तो नाकावर ओढला, पुस्तक दाराच्या उजेडाकडे धरलं आणि पुन्हा पानं उलटायला लागले. रविवारची सकाळ होती, नऊ वाजले होते. मिरजेतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एका लाकडी खोक्यावर बसलो होतो आणि शाबासकीची वाट बघत होतो.

शाबासकी मिळायला हवी असं काम मी केलं होतंच. अ‍ॅशबर्न टेन नावाची एक इंग्लिश गाडी पूर्वी कोल्हापूर-सांगलीकडे बऱ्यापैकी असायची. कंपनी केव्हाच बंद पडली, पण गाड्या कुणाकुणाच्या गोठ्यात, गोडाऊनमध्ये राहिल्या. त्या दुरुस्त करायच्या तर वर्कशॉपचं पुस्तक लागतं, आणि ते आमच्या सगळ्या जुन्या गाडीवाल्यांत मिळून एकट्या दस्तगीर शिकलगार मिस्त्रींकडे होतं. एकशे चाळीस पानं, तेलकट, कणा तुटलेला. ते मिळावं म्हणून मी दोन वर्षं त्यांच्याकडे खेटे घातले. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथालयाची पुस्तकं बांधायच्या कामावर होतो. घरी स्कॅनर घेतला होता आणि जुन्या गाड्यांची जी मिळतील ती मॅन्युअलं, वायरिंगचे नकाशे, सुट्या भागांच्या याद्या वेबसाइटवर टाकायचो. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं. माझी स्वतःची अ‍ॅशबर्न सहा वर्षं विटांवर उभी होती. बायको तिला कोंबड्यांचा बंगला म्हणायची.

मिस्त्री आधी हलेचनात. गॅरेजचं पुस्तक गॅरेजबाहेर जात नाही म्हणाले. मग एका दिवाळीत गेलो तर स्वतःच ते फडक्यात बांधून पुढे ठेवलं. आता आपल्याकडे ह्या गाड्या येत नाहीत, डोळेही साथ देत नाहीत, म्हणाले. एक अट तेवढी घातली.

“कुणाला नाव-गाव इचारू नका. गाडी बंद पडल्याला माणूस आधीच शरमलेला असतोय.”

ती अट मला इतकी आवडली की मी ती साइटवर वरतीच लिहून टाकली. नाव नको, फोन नको, नोंदणी नको. पान उघडा, पुस्तक घ्या, चालू लागा. माझ्यासारख्या हिशोबी माणसाला या दिलदारपणाची थोडी चढलीच होती, खोटं कशाला बोलू.

आणि त्या पुस्तकाचं मी सोनं केलं होतं. पानन् पान सुटं करून वाळवलं, तेलाचे डाग काढले, फाटलेल्या कडांना जपानी कागद लावला. पानांवर सगळीकडे पेन्सिलीचं काहीबाही लिहिलेलं होतं. आकडे, बाण, वेडीवाकडी मराठी अक्षरं, कुठे नुसत्या फुल्या. अकरा संध्याकाळी मऊ रबर घेऊन मी ते पुसलं. जुन्या गाडीवाल्यांचा हा आजारच आहे. आम्हाला सगळं ओरिजिनल लागतं. गाडीला मागाहून लावलेला आरसा आम्ही काढून टाकतो, मधे कुणी मारलेला रंग खरवडून काढतो. पुस्तकही इंग्लंडमधल्या छापखान्यातून निघालं तेव्हा जसं असेल तसं मला करायचं होतं, आणि ते तसं झालं. मग स्कॅन करून साइटवर टाकलं, आणि वर्षभरानं बांधणी पुरी झाल्यावर नवं कापडी बांधणीचं पुस्तक मिस्त्रींना परत द्यायला आलो. सोबत आदल्या शुक्रवारी आलेल्या एका ई-मेलचा कागदही आणला होता, त्यांना वाचून दाखवायला. तो मी मोठ्या उत्साहानं वाचला.

कोल्हापूरची कुणी मृदुला होती. आडनावाचं नुसतं ‘स’ लिहिलेलं. वडिलांची अ‍ॅशबर्न तीस वर्षं बंद होती, ते गेल्यावर तिनं स्वतःच्या हातांनी ती दुरुस्त करायला घेतली आणि आमच्या साइटवरच्या पुस्तकामुळे ती पुरी झाली, असं लिहिलं होतं. ‘तुम्ही कोण आहात ठाऊक नाही, पण फार मोठं काम करता आहात. ब्रेकचं सगळं पान ६१ प्रमाणे जसंच्या तसं केलं आहे. येत्या रविवारी दहाच्या सुमारास आईला घेऊन निघणार, अंबा घाट उतरून तिच्या माहेरी साखरप्याला. लग्न झाल्यावर ती याच गाडीतून घाट चढून आली होती.’

मला हे वाचताना भरून आलं होतं. मिस्त्रींनी मात्र पान एकसष्ट काढलं होतं आणि त्यावर ते अंगठा फिरवत होते. छापलेल्या ओळींवर नव्हे, बाजूच्या कोऱ्या जागेवर.

“माझं पेन्सिलीचं लिवल्यालं कुटं हाय, मेंगाणे सर?”

पुसलं म्हणून सांगितलं. अजूनही मला वाटत होतं की कौतुकच होईल.

“समदं?”

“सगळं. एक डाग शिल्लक नाही.”

माझं बोट धरून त्यांनी त्या कोऱ्या जागेवर टेकवलं. कागदात खाच होती. कुणीतरी अंगातला सगळा जोर लावून तिथे लिहिलं होतं, रबरानं शिसं गेलं होतं पण दाब राहिला होता. त्यांनी मला ते वाचायला लावलं. पान तिरकं धरून मी वाचलं. ‘घाट असंल तर पाव सूत नको. एक सूत.’

मी हे आधी वाचलं होतं. पुसतानाच वाचलं होतं. अर्थ कळला नव्हता, म्हणून पुढे गेलो होतो.

मिस्त्रींनी मला थोडक्यात सांगितलं. ब्रेकचं पेडल दाबायच्या आधी त्याला थोडी ढील असावी लागते. पुस्तकात पाव सूत, म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, छापलंय, तेवढी इंग्लंडच्या थंडीत आणि सपाट रस्त्यावर पुरते. आपल्याकडे ब्रेक तापला, आतलं तेल फुगलं की त्याला मागं यायला जागा उरत नाही. ब्रेक आपोआप धरून बसतात, आणखी तापतात, तेल उकळतं, आणि मग पेडल दाबलं तर ते सरळ खाली जाऊन फळीला टेकतं. सपाटीवर गाडी नुसती जड चालते. घाटात तिला कुणी थांबवू शकत नाही.

“फोन लावा तिला,” ते म्हणाले.

फोन नंबर नव्हता. पत्ता नव्हता. पूर्ण नावही नव्हतं. मी कुणाला विचारतच नव्हतो ना.

सव्वानऊला आम्ही माझ्या मारुतीतून निघालो. मिस्त्री अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे दुखायचे, पण मी गाडी सुरू करेपर्यंत ते पाना, पक्कड आणि तारेचं एक भेंडोळं घेऊन शेजारी बसलेसुद्धा होते. निघण्याआधी कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत धावत जाऊन मी तिला ई-मेल पाठवला. घाट उतरू नका, ब्रेक तपासा, असं मोठ्या अक्षरांत. पण सहलीला निघालेला माणूस रविवारी सकाळी कशाला कॉम्प्युटर उघडून बसेल? वाटेत कोल्हापूरच्या एका ओळखीच्या जुन्या गाडीवाल्याला फोन केला. मृदुला नावाची कुणी त्याला माहीत नव्हती. हिरव्या रंगाची एक अ‍ॅशबर्न शहरात आहे असं ऐकून होता, पण कुठे ते सांगता येईना. चौकशी करतो म्हणाला आणि मला उगाचच विचारत बसला की तुझ्या गाडीचं काम कुठवर आलं.

जयसिंगपूरला बाजाराची गर्दी, हातकणंगल्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग. मी हॉर्नवरून हात काढत नव्हतो. एका मिनिटाला वाटायचं, एवढं काही होणार नाही, इतक्या जपून गाडी दुरुस्त करणारी बाई घाट पहिल्या गिअरमध्येच उतरेल. दुसऱ्या मिनिटाला तिची म्हातारी आई दिसायची, हातात माहेरी न्यायची पिशवी घेऊन बसलेली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी दिसायची.

“तिसऱ्यात का चालवालाय?” मिस्त्री म्हणाले. “चवथा गिअर घरी ठिऊन आलाय काय?”

कोल्हापुरात शिरलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. गावात शोधत बसायचं की सरळ घाटाकडे जायचं? मी चौकात गाडी उभी करून विचार करत राहिलो. मागचे लोक ओरडायला लागले. मिस्त्रींनी नुसता हात रत्नागिरीच्या रस्त्याकडे केला.

जुन्या गाडीचं एक बरं असतं, ती सगळ्यांच्या नजरेत भरते. वाघबिळाच्या फाट्यावर उसाच्या रसवाल्यानं सांगितलं, गेली की, हिरवी, आत दोन बायका. किती वेळ झाला ते त्याला सांगता आलं नाही. बांबवड्याला पेट्रोल पंपावरच्या पोरानं सांगितलं, अर्धा तास झाला. एवढंच नव्हे, गाडीला काहीतरी जळल्याचा वास येत होता आणि तसं त्यानं ताईंना सांगितलंही होतं. ताई म्हणाल्या, नवा रंग आहे, तापला की वास येतोच. रंगाचं हे मीच साइटवर लिहिलं होतं.

बांबवड्यापासून पुढे मी काय चालवलं ते मला आठवत नाही. मलकापूरला विचारलं तेव्हा आमच्यातलं अंतर वीस मिनिटांवर आलं होतं. शेवटी मी मिस्त्रींना विचारलं की हे पाव सुताचं, एक सुताचं त्यांना कळलं कसं.

“कळलं,” ते म्हणाले.

मग मीच बडबडत राहिलो. मला माहीत नव्हतं, कुणी सांगितलं नाही, देतानाच तुम्ही म्हणायचं होतं की पेन्सिल ठेवा, मी काही मेकॅनिक नाही. हे सगळं मी म्हणालो. लाज वाटण्यासारखं बोललो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि खिडकीची काच खाली केली.

आंबा गावात हॉटेलच्या बाकावर चार माणसं बसली होती. मी गाडीतूनच विचारलं. एकानं हातातली बशी खाली न ठेवता घाटाकडे मान हलवली. आत्ताच गेली, पाच-सात मिनिटं झाली असतील. चहाला थांबा म्हटलं तर म्हातारीबाई म्हणाल्या की आता चहा माहेरीच.

घाट सुरू झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्यापलीकडे नुसती झाडांची टोकं. मी प्रत्येक वळणाला आधी कठड्याकडे बघत होतो, तुटलाय का. पहिलं वळण धड होतं, दुसरं धड होतं. तिसऱ्या वळणाच्या आधी एक ट्रक थांबलेला दिसला आणि त्याच्यापुढे हिरवा रंग.

गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात होती. डावी चाकं आत, नाक दरडीत घुसलेलं, पुढचा दिवा फुटून लोंबत होता. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. ट्रकवाल्यानं मोठे दगड आणून चाकांना लावले होते. रस्त्याच्या कडेला एका दगडावर म्हातारी बसली होती, मनगट ओढणीनं गळ्यात बांधलेलं, चेहरा पांढराफटक, आणि ती ट्रकवाल्याला सांगत होती की पाणी नको, पिशवीतले लाडू फुटलेत का तेवढं बघ. तिला बसलेली बघून मी दार उघडलं आणि तसाच सीटवर बसून राहिलो.

मिस्त्री उतरले. गाडीकडे आधी गेले नाहीत. कठड्यापाशी गेले, खाली वाकून दोन वळणं पलीकडे कुठेतरी बघत राहिले. मला वाटलं, त्यांना भोवळ येतेय, म्हणून मी उठून मागे गेलो.

“ही वरच थांबली,” ते म्हणाले. “आमचा अमीनभाई त्या खालच्या वळनापोतर गेलता.”

कोण अमीनभाई, ते मला माहीत नव्हतं.

“थोरला भाऊ. चौसष्ट साली. गाडी मी केल्याली. पुस्तकात हाय तशी.”

एवढंच सांगून ते माझ्याकडे पाना मागायला लागले. तो त्यांच्याच हातात होता.

मृदुला गाडीच्या पलीकडे उभी होती. चाळिशीची, उंच, हाताला ग्रीस, कपाळाला खरचटलेलं. दातांची डॉक्टर होती हे मागाहून कळलं. तिनं सांगितलं की उतार लागल्यावर पेडल आधी दगडासारखं कडक झालं आणि मग एकदम खाली गेलं. हँडब्रेकनं काही होईना. समोरून ट्रक येताना दिसला, कठड्याकडे जाण्यापेक्षा डोंगर बरा म्हणून तिनं गाडी गटारात घातली. हे सगळं ती अगदी शांतपणे सांगत होती, पण हातातला कागद तिनं सोडला नव्हता. तो पान एकसष्टचा प्रिंट होता. स्वच्छ, पांढरा, एक डाग नसलेला.

“मी शब्दन् शब्द केलं होतं,” ती म्हणाली. “दोनदा मोजलं. माझंच काय चुकलं ते कळत नाही.”

ट्रकवाल्यानं तिला विचारलं, हे लोक तुमच्या ओळखीचे का. मी माझं नाव सांगितलं, आणि मूर्खासारखं साइटचंही सांगितलं. तिचा चेहरा खुलला. खरंच खुलला, तशाही अवस्थेत. तिनं ग्रीस लागलेला हात ड्रेसला पुसून माझ्यापुढे केला आणि म्हणाली की तुम्हाला भेटायचं होतं, तुमच्यामुळे बाबांची गाडी रस्त्यावर आली. आणि तुम्ही इतक्या लांबून आमच्या मागे आलात?

मी तो हात धरला नाही. मिस्त्री चाकापाशी वाकून बसले होते, त्यांनी वर बघितलं. ते काहीही सांगणार नव्हते. मीही गप्प राहू शकलो असतो, पुस्तकच चुकीचं छापलंय म्हणू शकलो असतो, आणि तिनं ते मानलंही असतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. किती वेळात ते सांगता येणार नाही, पण येऊन गेलं.

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणालो. “त्या पानावर आणखी एक ओळ होती. ह्यांनी लिहिलेली. मी ती पुसली.”

“का?”

“पुस्तक चांगलं दिसावं म्हणून.”

मी वाट बघत होतो की ती ओरडेल, निदान तो कागद तरी तोंडावर फेकेल. तिनं कागदाची घडी घातली, मग ती उलगडली, मग परत घातली. दगडावरून तिची आई म्हणाली, “पुसलंय ना? मग परत लिहा. हे अजून कुणाकुणाच्या घरी गेलं असेल.”

मृदुला एकच पुस्तक घेणारी नव्हती. साइटवर आकडा दिसायचा, एकशे त्रेचाळीस. ते आकडे होते, माणसं नव्हती, कारण मी नावं विचारलीच नव्हती.

म्हातारीला ट्रकमधून साखरप्याच्या दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. मिस्त्री आणि मी गाडीपाशी थांबलो. ब्रेक निवेपर्यंत तासभर गेला. मग त्यांनी गाडीखाली हात घालून, न बघता, एक सूत ढील दिली, आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. दिवसभरात तेवढंच मला बरं वाटलं.

त्याच रात्री मी स्वच्छ प्रत साइटवरून काढली आणि जुन्या गाडीवाल्यांच्या जेवढ्या जागा माहीत होत्या तिथे सगळीकडे लिहिलं की पान ६१ वर विसंबू नका. काहींची उत्तरं आली. बरीच आली नाहीत. माझी स्वच्छ प्रत एव्हाना इतरांनी आपापल्या साइटवर लावली होती, ‘उत्तम प्रत, एकही डाग नाही’ असं लिहून. मी त्यांना कळवायचो, ते काढायचे, महिन्याभरानं ती आणखी कुठेतरी दिसायची. आजही अधूनमधून दिसते. दिसली की माझी झोप जाते आणि मी पत्र लिहायला बसतो.

मग परत लिहिण्याचं काम सुरू झालं. ते मिरजेत झालं नाही, कोल्हापुरात मृदुलाच्या अंगणात झालं. कागद समोर ठेवला तर मिस्त्रींना काही आठवायचं नाही. गाडीचं बॉनेट उघडून हात आत घातला की आठवायचं. इथं आटा उलटा हाय. हे बूच अर्ध्या फेऱ्यानं ढिलं सोडायचं. ही वायर उंदीर खातोय, वरनं न्यायाची. मी ऐकायचो आणि त्यांच्याच पुस्तकात, त्याच जागी, पेन्सिलीनं लिहायचो. जिथे त्यांनाही आठवत नसे तिथे पान दाराशी उन्हात तिरकं धरायचो, खाच शोधायचो. म्हातारी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बाजूला बसायची आणि माझं अक्षर मिस्त्रींपेक्षा खराब आहे म्हणायची. मृदुला सुरुवातीला माझ्याशी बोलायची नाही. पाचव्या-सहाव्या रविवारी तिनं मला चहात साखर किती ते विचारलं.

चैत्र लागला तेव्हा पान अठ्ठ्याऐंशीवर आलो. ते कार्बुरेटरचं पान होतं. मिस्त्रींनी हात आत घातला, काढला, पुन्हा घातला आणि मान हलवली. इथं मी काही लिवलं न्हवतं, म्हणाले. पण लिहिलेलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. खालच्या कोपऱ्यात तीन ओळी होत्या, बारीक, उजवीकडे झुकलेल्या. मी तसं सांगितलं. पान उन्हात धरलं. खाच नव्हती. कागद गुळगुळीत होता.

मिस्त्रींनी चष्मा काढला.

“ते माझं न्हाई,” ते म्हणाले. “अमीनभाईचं हाय ते. तो हलक्या हातानं लिवायचा.”

मी विचारलं की त्यात काय होतं. ते म्हणाले, चव्वेचाळीस वर्षं ते पान त्यांनी वाचलं नव्हतं. पुस्तकात आहे, एवढं माहीत होतं. तेवढं पुरत होतं. अमीनभाईचा फोटो नव्हता, कपडे केव्हाच वाटून झाले, हाताचं असं तेवढंच राहिलं होतं. मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, जसं दुकानात काही विसरलं तर सांगतात तसं, त्यांनी सांगितलं:

“तुमी वाचलं असंल की पुसताना. आठवलं तर सांगा, सर.”

मी वाचलं होतं. पुसण्याआधी मी सगळंच वाचायचो. त्या तीन ओळी शेवटच्या वाचणारा माणूस मी होतो, आणि मला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

मिस्त्री जाऊन आता नऊ वर्षं झाली. शेवटपर्यंत दर भेटीत ते निघताना दारापर्यंत यायचे आणि माझ्याकडे बघायचे. विचारायचे नाहीत. मी नाही म्हणून मान हलवायचो. पुस्तक साइटवर आहे, आमच्या पेन्सिलीसकट, अजूनही कुणाला नाव न विचारता. पान अठ्ठ्याऐंशीच्या कोपऱ्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे: ‘इथे अमीन शिकलगार यांनी लिहिलेल्या तीन ओळी होत्या. त्या मी पुसल्या.’ लोक विचारतात, काय होत्या? जमशेदपूरहून, म्हैसूरहून, एकदा तर न्यूझीलंडहून कुणी विचारलं. कार्बुरेटरचं काही महत्त्वाचं होतं का, अशी त्यांना काळजी असते.

मी प्रत्येकाला लिहितो की अजून आठवलेलं नाही, आठवलं की कळवतो. मग रबर कपाटाच्या कुठल्या खणात ठेवलं होतं, त्या संध्याकाळी दिवा कोणत्या बाजूला होता, बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा मी कितव्या ओळीवर होतो, हे सगळं पहिल्यापासून आठवायला बसतो.